कोअर रिगला मोटर लावावी का, आणि सेन्सर नेमके किती?

प्रश्न थोडक्यात असा होता: नागपूरच्या एका लहान ठेकेदाराकडे क्रॉलरवरची, डिझेल इंजिनाची हायड्रॉलिक कोअर रिग (खडकाचा दंडगोल, म्हणजे कोअर, कापून वर काढणारं ड्रिलिंग यंत्र) आहे. भंडारा जिल्ह्यात मँगनीजच्या शोधासाठी एनक्यू आकाराचे (सुमारे ७६ मिलिमीटर व्यासाचे), आडव्याशी ६० अंशांत तिरपे, ४०० मीटरपर्यंतचे बोअर घ्यायचे आहेत. डिझेलचा खर्च अंगावर येतोय, म्हणून इंजिन उतरवून ५५ किलोवॉटची मोटर बसवावी आणि ती १२५ केव्हीएच्या जनरेटरवर चालवावी, असा विचार आहे. शिवाय काम देणाऱ्यांनी ड्रिलिंगची ‘डिजिटल नोंद’ मागितली आहे. त्यासाठी बारा सेन्सरचं तयार पॅकेज घ्यावं का?

वरवर हे दोन प्रश्न दिसतात, पण दोन्हींचं घोडं एकाच ठिकाणी अडलंय. तुमची रिग पूर्ण शिफ्टभर, कोणत्या कामाला, किती ताकद खाते हे कुणी मोजलेलंच नाही. ते न मोजता मोटर, जनरेटर आणि पॅकेज ठरवणं म्हणजे आधी कळस मग पाया. म्हणून माझं उत्तर उलट्या टोकाने सुरू होतं: थोडी उपकरणं आधी बसवा, पंधरवडाभर आकडे घ्या, आणि मग ताकदीचा निर्णय करा.

मोजायचं कसं ते सोपं आहे. हायड्रॉलिक ताकद किलोवॉटमध्ये काढायची तर तेलाचा दाब बारमध्ये, प्रवाह मिनिटाला लिटरमध्ये घ्यायचा, दोन्हींचा गुणाकार करायचा आणि ६०० ने भागायचं. २०० बार आणि १२० लिटर असेल तर ४० किलोवॉट. मुख्य पंपाच्या लाइनवर एक दाबाचा सेन्सर आणि एक तेलाचा फ्लोमीटर एवढ्यावर हे भागतं.

आकडे हातात येईपर्यंत कागदावर अंदाज करू. एनक्यू रॉडचं वजन मीटरला सुमारे ७.८ किलो. ४०० मीटरची, एकमेकांना जोडलेल्या रॉडची माळ ३.१ टनांची झाली. ती सेकंदाला अर्धा मीटर वेगाने उचलायची तर निव्वळ १५ किलोवॉट लागतात; विंच, तेल आणि भिंतीचं घर्षण धरून इंजिनाकडून २५ ते ३० घ्या. प्रत्यक्ष कोअर कापताना १००० आरपीएमला २०० न्यूटन-मीटर टॉर्क लागत असेल तर रोटेशनला २१ किलोवॉट. मड पंप मिनिटाला ३५ लिटर पाणी २५ बारने ढकलतो, म्हणजे दीड किलोवॉटसुद्धा नाही. आणि शिफ्टचा बराच वेळ यातलं काहीच चालू नसतं. कोअर भरलेली इनर ट्यूब वर येतेय, कोअर बॉक्समध्ये लावला जातोय, रॉड जोडला जातोय, पाण्याच्या टँकरची वाट पाहिली जातेय. इंजिन मात्र पूर्ण थ्रॉटलवर धडधडत असतं.

तुमचं डिझेल माझ्या मते बहुतेक तिथेच जळतंय. पंप स्थिर प्रवाहाचा असेल तर नको असलेलं तेल रिलीफ व्हॉल्व्हवरून टाकीत परत जातं आणि ती सगळी ताकद उष्णता होऊन बसते. याची खूण विचारायचीच असेल तर मे महिन्यात तेलाच्या टाकीला विचारा. विदर्भात बाहेर ४५ अंश असताना तेल ८० अंशांच्या वर गेलं, की ते पातळ होतं, पंपाची आतली गळती वाढते आणि ड्रिलर आणखी थ्रॉटल देतो. दुष्काळात तेरावा महिना. अशा वेळी लोड-सेन्सिंग पंप (लागेल तेवढंच तेल देणारा), ऑइल कूलरच्या जाळीची रोजची सफाई, आणि रॉड जोडताना थ्रॉटल उतरवायची सवय, या तीन गोष्टींनी जी बचत होते ती मोटर बसवून होणार नाही.

आता जनरेटरचं गणित. आज इंजिन थेट हायड्रॉलिक पंप फिरवतं. तुमच्या योजनेत इंजिन अल्टरनेटर फिरवणार, अल्टरनेटर मोटरला वीज देणार आणि मोटर तोच पंप फिरवणार. अल्टरनेटरची कार्यक्षमता ९२ टक्के आणि मोटरची ९३ टक्के धरली, तर पंपापर्यंत साधारण ८६ टक्केच पोचतं. डिझेल तेच, इंजिनही जवळपास तसंच, वर १४ टक्के वाटेत सांडलं. एका लिटर डिझेलमधून चांगला जनरेटर पूर्ण भाराजवळ साडेतीन युनिटच्या आसपास देतो. डिझेल ९० रुपये धरलं तर युनिट २५ रुपयांच्या पुढे गेलं, आणि हा फक्त इंधनाचा हिशेब झाला.

पुढची अडचण सुरुवातीच्या करंटची. ५५ किलोवॉटच्या मोटरचा पूर्ण भाराचा करंट ४१५ व्होल्टला १०० अँपिअरच्या आसपास. थेट लाइनवर सुरू केली तर ती क्षणभर सहा-सातपट, म्हणजे ६०० ते ७०० अँपिअर ओढते. १२५ केव्हीएचा जनरेटर पूर्ण क्षमतेला १७४ अँपिअर देतो. व्होल्टेज कोसळेल, कॉन्टॅक्टर (मोटरचा स्विच) सुटेल, आणि मेकॅनिक म्हणेल की आणखी मोठा जनरेटर घ्या. स्टार-डेल्टाने (मोटर आधी कमी व्होल्टेजवर सुरू करणारी जोडणी) हा धक्का एक तृतीयांशावर येतो, सॉफ्ट स्टार्टरने मधेच कुठेतरी, व्हीएफडीने (मोटरचा वेग हळूहळू वाढवणारं उपकरण) जवळपास नाहीसा होतो. पण व्हीएफडी जनरेटरच्या वीजलहरी बिघडवते, म्हणून तिथे अल्टरनेटर पुन्हा मोठाच निवडावा लागतो. कोणताही स्टार्टर असो, पंप बिनभाराचा ठेवूनच मोटर सुरू करायची. त्यासाठी लागणारा साधा बायपास व्हॉल्व्ह बरेच जण विसरतात.

बरं, सुरुवातीसाठी घेतलेला हा मोठा जनरेटर उरलेला दिवस काय करतो? सरासरी २०-२५ किलोवॉटवर, म्हणजे क्षमतेच्या चौथाई भारावर रेंगाळतो. डिझेल इंजिन ३० टक्क्यांखाली सतत चालवलं की ते पुरेसं तापत नाही, अर्धवट जळलेलं इंधन आणि काजळी सायलेन्सरमध्ये साचते, तेल ओघळायला लागतं. १ जुलै २०२३ पासून नव्या जनरेटरना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘सीपीसीबी-४ प्लस’ या धुराच्या मर्यादा लागू झाल्या. मोठ्या संचांत आता धूर स्वच्छ करणारी यंत्रणा असते आणि तिला काम करायला गरम धूर लागतो, म्हणजे कमी भाराचा त्रास आता पूर्वीपेक्षा जास्त जाणवतो.

म्हणून एकट्या रिगला, मोकळ्या रानात, जनरेटरवर मोटर लावण्याच्या मी विरुद्ध आहे. परिस्थिती बदलली तर मतही बदलेल. खाणीच्या हद्दीत काम असेल आणि खाणीचा सबस्टेशन शे-दोनशे मीटरवर असेल, तर मोटर उत्तमच. महावितरणची तात्पुरती जोडणी मिळत असेल आणि एकाच जागी महिनोन्‌महिने बोअर असतील, तर दर विचारून हिशेब मांडा. तो युनिट जनरेटरच्या युनिटपेक्षा स्वस्तच पडण्याची शक्यता आहे. आणि भूमिगत खाणीत प्रश्नच नाही. बालाघाट, चिकला, गुमगाव अशा मॉइल या सरकारी मँगनीज कंपनीच्या भूमिगत खाणींसारख्या जागी बोगद्यात उभ्या राहणाऱ्या रिगला डिझेलचा धूर परवडत नाही, तिथे इलेक्ट्रो-हायड्रॉलिकच हवी.

लाइनवर जाणार असाल तर केबलकडे दुर्लक्ष नको. १५० मीटर अंतर, १०० अँपिअर, ३५ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल: चालू भाराला १४-१५ व्होल्टचा घट पडतो, तो चालतो. पण सुरू होताना करंट कित्येक पट असल्याने घटही तसाच वाढतो, आणि मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने उतरतो. व्होल्टेज १० टक्के पडलं की टॉर्क १९ टक्के गेला. मोटर गुणगुणते, फिरत नाही, तापते.

सुरक्षेबद्दल मी लांबण लावत नाही, पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. भाड्याच्या बऱ्याच जनरेटरचा न्यूट्रल बॉडीशी आणि अर्थशी जोडलेलाच नसतो. मग रात्रीच्या दिव्यांवर बसवलेला ३० मिलिअँपिअरचा गळती-ट्रिप (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच), नेमका ज्या क्षणी पडायला हवा त्या क्षणी पडेलच असं नाही. खडकाळ जागी एका सळईवर अर्थिंग मिळत नाही, ते मोजूनच घ्या. आणि मास्ट (रिगचा उंच खांब) उभा करण्याआधी वर बघा. तार दिसली तर बोअरची जागा भूवैज्ञानिकाशी बोलून सरकवा, तार सरकत नाही.

आता उपकरणं. बाराच्या पॅकेजबद्दल मला एकच विचारायचंय: यातला कोणता आकडा पाहून ड्रिलर पुढच्या मिनिटाला हात वेगळा हलवेल? ज्याने हात हलत नाही तो सेन्सर पहिल्या वर्षी घेऊ नका. माझ्या हिशेबाने पहिला नंबर पाण्याचा, दुसरा बिटवरच्या (खडक कापणाऱ्या टोकावरच्या) वजनाचा, मग आरपीएम, रोटेशनचा दाब (रॉड फिरवणाऱ्या हायड्रॉलिक मोटरच्या तेलाचा) आणि खोली. तेलाचं तापमान स्वस्त आहे, तेही टाका.

पाणी पहिलं का? पाणी बंद पडलं तर हिऱ्याचे कण धातूत मिसळलेला इम्प्रेग्नेटेड बिट जळायला फार वेळ लागत नाही, आणि जळालेला बिट खालीच चिकटला तर रॉडची माळही अडकते. एनक्यू बोअरचा व्यास ७५.७ मिलिमीटर आणि रॉडचा ६९.९. मधल्या कड्याच्या जागेतून मिनिटाला ३० लिटर पाणी सेकंदाला सुमारे ७५ सेंटिमीटर वेगाने वर येतं. एवढ्यात चुरा निघतो. प्रवाह निम्म्यावर आला तर चुरा खाली बसायला लागतो. दाबही बोलतो. प्रवाह तोच असून दाब चढला तर कोअर अडकलाय किंवा चुऱ्याचं कडं झालंय. दाब उतरला तर रॉडचा जोड फुटलाय, नाहीतर फटीत पाणी चाललंय. वर परत येणारं पाणी बघायला महागडं काही लागत नाही; परतीच्या चरात एक फ्लोट स्विच पुरतो.

पाण्यासाठी इलेक्ट्रोमॅग्नेटिक फ्लोमीटर घ्या. फिरत्या पात्याचा मीटर बेंटोनाइटच्या (ड्रिलिंगसाठी घालतात त्या चिकणमातीच्या) पाण्यात आठवडाभरात रुसतो. मीटर बायपासच्या पुढे बसवा; नाहीतर टाकीत परत जाणारं पाणीही बोअरमध्ये गेल्यासारखं मोजलं जातं आणि सगळं छान दिसत राहतं. पाणी कमी झालं की भोंगा वाजावा आणि फीड (बिटला खाली ढकलणं) आपोआप थांबावं. रोटेशन मात्र आपोआप थांबवू नका. चुरा बसत असताना फिरणं थांबलं की माळ तिथेच घट्ट होते; ती वर उचलण्याचा निर्णय ड्रिलरकडेच हवा.

बिटवरचं वजन हा सगळ्यात जास्त गैरसमजाचा आकडा. ड्रिलर फीडचा गेज बघतो आणि म्हणतो, ‘एवढं दाबलंय.’ पण बिटवर गेज आणि माळेचं वजन दोन्ही मिळून येतात. ६० अंशांच्या बोअरमध्ये वजनाचा बोअरच्या दिशेने जाणारा भाग ८७ टक्के, आणि पाण्यात बुडालेल्या पोलादाचं वजन त्याच्याही ८७ टक्के. म्हणजे एनक्यूच्या प्रत्येक मीटरमागे बिटवर सुमारे ५.९ किलो. बिटला १.८ टन हवेत असं धरलं, तर जवळपास ३०० मीटरवर माळ एकटीच तेवढं वजन देते. त्याच्या वर मशीनने दाबायचं, त्याच्या खाली मशीनने माळ तोलून धरायची. घर्षणामुळे ही सीमा थोडी खाली सरकते. सीमा ओलांडली हे कळलं नाही तर बोअर वाकतो आणि बिट झिजतो. म्हणून फीड सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना दाबाचे सेन्सर लावा, त्यांच्या फरकातून निव्वळ बळ काढा आणि रॉडच्या संख्येवरून माळेचं वजन त्यात मिळवा. दोन सेन्सर आणि चार ओळींचं गणित आहे. पॅकेजवाले यालाच वेगळं मॉड्यूल म्हणून विकतात.

आरपीएमसाठी चकजवळ (रॉड पकडून फिरवणाऱ्या भागाजवळ) एक प्रॉक्सिमिटी सेन्सर पुरे. त्याचा खरा उपयोग भेदनाच्या वेगाशी जोडल्यावर होतो: दर सेंटिमीटरमागे किती फेरे? १००० आरपीएमला मिनिटाला १० सेंटिमीटर उतरत असाल तर १०० फेरे. इम्प्रेग्नेटेड बिटला साधारण ८० ते १०० मानवतात. बरेच जास्त झाले तर हिरे गुळगुळीत होऊन बिट घसरायला लागतो, कमी झाले तर मॅट्रिक्स (हिरे धरून ठेवणारा धातू) भराभर झिजतं. तुमच्या भागात हा आकडा सारखा हलणार, कारण इथल्या सौसर या खडकांच्या गटात गोंडाइटसारखा गार्नेट आणि क्वार्ट्‌झचा कठीण खडक आणि मऊ अभ्रकी शिस्ट एकमेकांना चिकटून येतात. नोंद नीट ठेवली तर कोअर बॉक्स उघडण्याआधीच भूवैज्ञानिकाला थर कुठे बदलला ते कळतं. काम देणाऱ्याला डिजिटल नोंद हवी असते ती मुख्यतः यासाठी.

खोलीचा एन्कोडर (सरकलेली लांबी मोजणारा सेन्सर) घ्या, पण खोलीचा मालक रॉडचा हिशेबच. एन्कोडर एका स्ट्रोकची लांबी छान मोजतो. चक सोडून पुन्हा पकडला की थोडी चूक जमा होते. प्रत्येक रनच्या (कोअर घेऊन येणाऱ्या एका फेरीच्या) शेवटी रॉड मोजा, वर उरलेला रॉड टेपने मोजा आणि एन्कोडरला तिथे आणून ठेवा. कोअर बॉक्समधल्या खुणेच्या लाकडावरचा आकडा आणि नोंदीतला आकडा वेगवेगळे निघाले, की दोन्हींवरचा विश्वास उडतो.

जोडणीचं थोडं. दाब, प्रवाह आणि तापमानाचे सेन्सर ४ ते २० मिलिअँपिअरचे घ्या; वायर तुटली तर करंट शून्य होतो आणि ‘दाब शून्य’ व ‘वायर तुटली’ यांत गोंधळ होत नाही. २५० बारच्या सर्किटला ४०० बारचा सेन्सर, समोर दाबाचे धक्के शोषणारा स्नबर. मडच्या लाइनवर सपाट डायफ्रॅमचा, नाहीतर छिद्रात बेंटोनाइट घट्ट बसतं आणि गेज कालचाच आकडा दाखवत राहतो. वीज रिगच्या बॅटरीवरून घ्या, पण आयसोलेटेड कन्व्हर्टरमधून, कारण सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज कोसळतं. शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. पावसाळ्यासाठी केबल ग्लँडचं तोंड खाली ठेवा.

साइटवर सेन्सरचा सगळ्यात मोठा शत्रू पाऊस नाही, वेल्डिंग आहे. ब्रॅकेट तुटलं की लगेच वेल्डिंग मशीन येतं, अर्थचा चिमटा कुठेतरी लांब लावला जातो, आणि करंट सेन्सरच्या वायरमधून वाट काढतो. वेल्डिंगआधी बॅटरी आणि नोंदणी-पेटीचे प्लग काढायचे, चिमटा जोडाच्या शेजारीच लावायचा, हे पेटीवर मराठीत आणि हिंदीत रंगवून ठेवा.

बोअर कुठे चाललाय हे रिगवरचा कोणताही सेन्सर सांगत नाही, त्यासाठी बोअरमध्ये उतरवून दिशा मोजणारं सर्व्हे टूल लागतं. बोअर शिस्टच्या पापुद्र्यांना काटकोनात वळायला बघतो. दिशा सरासरी २ अंशांनी चुकली तरी ४०० मीटरवर १४ मीटरचा फरक पडतो. मँगनीजचा थर अनेकदा त्याहून पातळ असतो. दर ३० मीटरला सर्व्हे घ्या. चुंबकीय टूल स्वस्त आहे, पण ते बिटच्या पुढे, पोलादापासून काही मीटर लांब लोंबकळायला हवं, आणि तरीही आसपास मॅग्नेटाइट किंवा जेकबसाइट असं चुंबकीय खनिज असेल तर दिशा बिघडते. टूलने नोंदलेली चुंबकीय तीव्रता त्या भागाच्या नेहमीच्या आकड्यापासून ढळली असेल तर ते वाचन बाजूला ठेवा. गडचिरोलीत सूरजागडच्या लोहखनिजासारखं काम पुढे घेणार असाल तर सरळ जायरो (चुंबकावर अवलंबून नसलेलं सर्व्हे टूल) भाड्याने घ्या. रिगच्या बारा सेन्सरांपैकी अर्धे वगळून आलेला पैसा इथे घालवा, असं मी सांगेन.

म्हणजे क्रम असा: पंधरवडा तेलाचा दाब, प्रवाह आणि तापमान मोजायचं, त्यावरून पंप आणि थ्रॉटल सुधारायचा, मग पाणी, वजन, आरपीएम, रोटेशन आणि खोलीचे सेन्सर, मोटरचा विचार लाइन मिळाली तरच. नोंद सेकंदाला एक ओळ पुरते. १२ तासांच्या शिफ्टला ४३,२०० ओळी होतात, साध्या मेमरी कार्डात मावतात. मोबाइलची रेंज नसली तरी काही बिघडत नाही. मात्र प्रत्येक रनची सुरुवात-शेवट, गिअर आणि बिटचा क्रमांक ड्रिलरने बटणाने किंवा वहीत नोंदवायलाच हवा. गिअर माहीत नसेल तर रोटेशनच्या दाबावरून टॉर्क काढता येत नाही.

शेवटची गोष्ट पैशांची, पण तुमच्या नाही, ड्रिलरच्या. तुमच्याकडे मीटरवर बोनस असेल, आणि या नोंदीवरून पहिल्याच महिन्यात ‘दुपारी दोन ते तीन रिग का थांबली’ असं विचारायला सुरुवात केलीत, तर सेन्सरच्या केबल आठवड्यात दोनदा तुटायला लागतील. कुणी तोडल्या ते कधी कळणार नाही. पहिले तीन महिने नोंद फक्त ड्रिलरला दाखवा. पडदा त्याच्या डोळ्यांसमोर, उन्हात वाचता येईल असा बसवा, आणि बोनसमध्ये मीटरबरोबर कोअर रिकव्हरीही (खोदलेल्या लांबीपैकी किती कोअर हाती आला) धरा. मग पाण्याचा भोंगा बंद पडला तर तो स्वतः फोन करून सांगेल.